गफूरचाचांच्या डोक्याची परीक्षा

आमच्या गल्लीतले गफूरचाचा स्टो दुरुस्त करायचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या लोकांचे स्टो त्यांनी फुकट नीट करून दिले. पुढं क्लासेसच्या पोरापोरींनी लातूर भरलं, खोलीखोलीत स्टो पेटले आणि चाचांना मान वर करायला फुरसत राहिली नाही. तरी आठवडी बाजार त्यांनी सोडले नाहीत. त्यांचा आठवडा बाजारांवरच चालायचा. सोमवार, मंगळवार हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

एकदा मुरुडच्या बाजाराहून परतताना ते सायकलवरून पडले, तेही थेट डोक्यावर. दवाखान्यात व्यंकटराव नावाचे तरुण सर्जन डोक्याला मार लागलेल्यांवर संशोधन करत होते. थोड्या थोड्या वेळानं तेच तीन प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण: नाव काय, कुठं आहात, आज वार कोणता? उत्तरं बिघडत गेली, की कवटीत रक्त साकळत असल्याचा संशय घ्यायचा.

वार विचारल्यावर चाचा म्हणाले, "मुरुडचा बाजार." डॉक्टर पुण्याचे. त्यांना वाटलं, हा माणूस अजून मुरुडातच आहे. गुण कापले.

चाचांच्या वरच्या खोलीत राहणारी आरती डॉक्टर व्हायला लातूरला आलेली. गुण कापल्याचं ऐकून ती चवताळलीच. चाचांच्या उशाशी बसून तिनं नाव, गाव, वार असं सगळं घोकून घेतलं. सकाळी डॉक्टर दिसताच चाचांनी, न विचारता, धडा म्हणून टाकला. वार मात्र कालचाच!

झालं. सोलापूरला नेऊन कवटी उघडायचं ठरलं. जीप दारात आली. आरतीच्या पाठीत एक धपाटा घालावासा मला वाटला.

चाचांची बायको अमीरबी मात्र स्ट्रेचरला आडवी उभी राहिली. "डाक्टरसाब, वार सोडा. बाजार कुठला, ते इचारा."

डॉक्टर वैतागले, पण विचारलं. आज? चाकूर. "बरोबर, काल मुरुडचाच होता," मी सांगितलं. उद्या?

"अहमदपूर," चाचा कण्हत म्हणाले. "पर हे टाके घेऊन कसा जाऊ? तिथल्या सटवाजीच्या स्टोचा पंप माझ्याकडंच ऱ्हायलाय. निरोप धाडा त्याला, न्हाई तर बिचारा चुलीच्या धुरात बसंल."

डॉक्टरांना हसू आवरेना. "इथंच ठेवू, लक्ष ठेवू," म्हणत त्यांनी जीप परत पाठवली.

कालपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली अमीरबी तेव्हा फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली.