वाडीतला आमचा क्लब बंद पडलेला नाही

आधी एक दुरुस्ती. वाडीतल्या आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहिताना मागच्या पोस्टमध्ये मी 'क्लब बंद पडला' असं लिहिलं होतं. ते चूक आहे.

मागच्या वेळी गेले तेव्हा मैदानावर गोलपोस्ट नव्हते, नुसते ट्रक उभे होते, म्हणून मला तसं वाटलं. बाबांनाही तसंच वाटायचं. मला बाराखडी आणि फुटबॉल, दोन्ही त्यांनीच घरी शिकवलं. ते क्लबचे जुने लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या बाजूने चढाई करणारे खेळाडू. पण मैदान गेलं समजून त्यांनी तिकडे जाणंच सोडलं होतं.

मनाला चैन पडेना, म्हणून आज सकाळी पुन्हा गेले. जुने गोलकीपर शंकरकाका भेटले. मैदानालगतच्या गोदामाच्या भिंतीला बांधलेले बांबू दाखवून म्हणाले, "हे काय आपले गोलपोस्ट! आठवडाभर इथं ट्रक राहते, म्हणून काढून ठेवतो. दर रविवारी खेळून राहिलो आम्ही. बंद काहून लिहिलं वं?"

मी माफी मागितली.

"ते राहू दे. तुह्या बापाले विचार, आमाले मेले समजून बसला का?"

घरी येऊन विचारलं. बाबा म्हणाले, "माहे बूट कुठं ठेवले वं?"

तुमच्या घरी आहे का असा कोणी रुसलेला खेळाडू? त्यालाही आणा. आम्ही दोघं जातोय, येत्या रविवारी.