पासष्टावा पेला

शनिवारची दुपार. पावणेतीन वाजले आहेत. युनीस स्वयंपाकघरातल्या खिडकीखालच्या लोखंडी खाटेवर आडवी झाली आहे, पण झोपायचा तिचा विचार नाही. टेबलावर मोठ्या पातेल्यात काळ्या मनुका भिजत घातल्या आहेत. चार वाजता त्या उकळायच्या, वीस मिनिटं, मंद आचेवर, मग मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. उद्या एप्रिलचा पहिला रविवार, म्हणजे देवळात प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि रस घ्यायचा विधी, आणि प्रभुभोजनाचा द्राक्षरस गेली नऊ वर्षं युनीसच करते.

कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई. पाळकसाहेब कौतुकानं सांगतात की पाटोळे मॅडमच्या हातचा रस कधी आंबत नाही, कधी पांचट होत नाही. होईल कसा? चौसष्ट माणसं, माणशी पंधरा मिलिलिटर, एकूण नऊशे साठ. निवृत्त होताना प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या काचेच्या मोजपात्रात ती रस मोजते, आणि चौसष्ट इवलेसे पेले भरून झाले की थेंब उरत नाही.

स्वतःला धरलं तर पासष्ट होतात. पण स्वतःला ती धरत नाही.

रविवारी पेल्यांची थाळी तिच्यापाशी येते तेव्हा ती दोन्ही हातांनी धरते आणि पुढच्या माणसाकडे सरकवते. मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी समेट करावा, मग प्रभूच्या मेजापाशी यावं, असं पाळकसाहेब दर वेळी सांगतात. युनीसच्या मनात अढी आहे. थोरल्या जावेविषयी, दुर्कसबाईंविषयी. मग खोटं कशाला करायचं? इतर बायका घरी भांडतात आणि देवळात पितात, ती तसं करत नाही. ह्या गोष्टीचा तिला आधार वाटत आला आहे.

अडचण अशी झाली आहे की दुर्कसबाई जानेवारीत वारल्या.

नळ गळतो आहे. एक थेंब, मग चार सेकंदांनी दुसरा. युनीस सवयीनं मोजते. चार. चार. पाच. ऊन खिडकीच्या गजांमधून खाटेच्या पायथ्याशी आलं आहे. सहा. वॉशर बदलायला हवा. नऊ. चौदा. मग एक थेंब नळाच्या तोंडाशी लोंबतो, चांगला टपोरा होतो, आणि पडतच नाही.

“किती वेळ वाट बघणार त्याची?” दुर्कसबाई म्हणतात.

त्या टेबलापाशी उभ्या आहेत. अंगावर दवाखान्यात नेताना नेसवली होती ती फिकट हिरवी साडी, पायात चपला नाहीत. युनीसला भीती वाटत नाही. तिला एवढंच दिसतं की दाराची साखळी आतून लावलेली आहे आणि तरी आक्का आत आल्या आहेत.

“बसा ना, आक्का.”

“बसायला नाही आले. डबा घेऊन आले.”

स्टीलचा गोल डबा. झाकणावर ठोकून लिहिलेलं आहे, दु. शा. पाटोळे. दुर्कसबाई तो टेबलावर ठेवतात, तेव्हा त्याच्या बुडाशी पाणी दिसतं.

“ओला आहे,” युनीस म्हणते.

“असणारच. तू घासून पाठवलास तसाच आहे. पुसला नाही मी.”

युनीसला तो डबा चांगला ठाऊक आहे. नाताळच्या आदल्या दिवशी दुर्कसबाई त्यात करंज्या घेऊन ह्याच दारात आल्या होत्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा. युनीसनं साखळी न काढता फटीतून सांगितलं होतं, “पायरीवर ठेवा, मी घेते नंतर.” आणि तिसऱ्या दिवशी डबा परत पाठवला होता. रिकामा.

आपल्याकडे कुणी कुणाचा डबा रिकामा परत करत नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. युनीसनं डबा राखेनं घासला, तीन पाण्यांतून काढला, आणि आत काहीही न घालता झाकण लावलं. मिशनच्या कंपाउंडमधल्या कुठल्याही बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

“एक तरी खाल्लीस का?” दुर्कसबाई विचारतात.

“शेजारी वाटल्या.”

“ते विचारलं नाही मी.”

युनीस खाटेची कड धरते. “एक. मोरीपाशी उभ्यानं. खसखस जास्त झाली होती.”

दुर्कसबाई हसतात. दात काढून ठेवल्यासारखं पोकळ, पण त्यांचंच हसू. “शमुवेलला तशीच लागायची.”

शमुवेल म्हणजे युनीसचा नवरा. त्याचं नाव घेतलं जातं आणि खाट खाटेसारखी राहत नाही. युनीस उंच स्टुलावर बसलेली आहे. समोर प्रयोगशाळेचं काळं मेज आहे, सिंकमध्ये मनुका भिजत आहेत, आणि भिंतभर फळ्यांवर तपकिरी बाटल्या आहेत. ही तिची प्रयोगशाळा आहे, फक्त छताला देवळातले पंखे आहेत आणि ते अगदी सावकाश फिरत आहेत.

“काय काय जपून ठेवलंयस गं,” दुर्कसबाई फळ्यांवरून बोट फिरवत म्हणतात. “ही कसली?”

बाटलीवर युनीसच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे. महिला मंडळाची प्रार्थनासभा. खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख. त्याखाली, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवणे.

“नमुना आहे तो,” युनीस म्हणते.

“कशासाठी?”

“बदललं तर कळावं म्हणून.”

“मग? बदललंय?”

युनीस बाटली उजेडासमोर धरते. “नाही. होतं तसंच आहे.”

“अगं, तू बूच काढलंच नाहीस तर बदलणार कसं?” आणि युनीसनं नको म्हणायच्या आत त्या बूच काढतात.

वास कसलाच येत नाही. आवाज येतो. सतरंजीवर बसलेल्या वीस बायकांचा, श्वास घेण्याचा, बांगड्यांचा, खोकल्याचा. दोघी आता महिला मंडळाच्या खोलीत आहेत. शमुवेलला पुरून बारा दिवस झालेले आहेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. आणि मधोमध बसलेल्या दुर्कसबाई, नऊ वर्षांनी तरुण असलेल्या दुर्कसबाई, मोठ्यानं प्रार्थना करत आहेत.

“आणि प्रभू, ज्यांनी डॉक्टरांवर आणि औषधांवर भरवसा ठेवला आणि तुझ्यावर ठेवला नाही, त्या आमच्या बहिणीच्या विद्येचा गर्व तू मोड.”

“आमेन,” वीस बायका म्हणतात.

हे आठवताना युनीस दर वेळी इथं थांबते. भांडणात कुणी काही बोललं तर उलट बोलता येतं. प्रार्थनेला उलट काय बोलणार? डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि जे बोलायचं ते देवाला उद्देशून. शमुवेलच्या उशाशी तिनं केलेली प्रार्थना कुणी ऐकली नव्हती. ती मोठ्यानं करायची तिला सवय नव्हती, एवढंच. आणि आमेन सगळ्यांनी म्हटलं होतं.

“तुम्ही चुकीचं बोललात,” युनीस म्हणते. नऊ वर्षांत हे ती पहिल्यांदा मोठ्यानं म्हणते आहे, आणि ते किती लहान वाक्य आहे ह्याचं तिलाच नवल वाटतं.

“हो,” शेजारी बसलेल्या, हिरव्या साडीतल्या दुर्कसबाई म्हणतात. “चुकीचं बोलले. तेच सांगायला डबा घेऊन आले होते. डबा हातात असला की बोलायला सोपं जातं. तू म्हणालीस, पायरीवर ठेवा.”

“तेव्हाच सांगायचं होतं.”

“साखळीच्या फटीतून? माझं वय काय, पायरी कसली!” त्या गुडघा चोळतात. “पण तू आता डोळे उघडे ठेवून बघ. तेव्हा मिटले होतेस.”

युनीस बघते. प्रार्थना करणाऱ्या दुर्कसबाईंच्या मांडीवर पदराखाली काहीतरी आहे. निळ्या लोकरीचा मफलर. शमुवेलचा. त्यांची बोटं त्याची एकेक वीण ओढून उसवत आहेत आणि तोंड प्रार्थना करत आहे. सहा वर्षांचा दीर पदरात पडला तेव्हा दुर्कसबाई नव्या नवरीच होत्या. त्याच्या डोक्यातल्या उवा त्यांनी काढल्या, त्याच्या पहिलीच्या पाट्या त्यांनी पुसल्या. हे युनीसला माहीत होतं. तिनं ते कधी ह्या तारखेच्या बाटलीत घातलं नव्हतं.

“कुणावर तरी ढकलायचं होतं मला,” दुर्कसबाई म्हणतात. “देवावर ढकलायची हिंमत झाली नाही. तू जवळ होतीस.”

पंखे फिरतात. बायका आता देवळाच्या बाकांवर आहेत आणि त्यांना चेहरे नाहीत, नुसते पदर आहेत. थाळी येते आहे. माणसामागून माणूस ती पुढे देतो आहे. युनीसचे हात आपोआप वर येतात.

“बघ, बघ. मान बघ किती ताठ,” दुर्कसबाई कानाशी कुजबुजतात.

“मी खोटेपणानं पीत नाही.”

“खोटेपणाला भितेस, की वाकायला?”

थाळी युनीसच्या हातात आहे. तीत पेले गच्च बसवलेले आहेत आणि ती मोजल्यावाचून जाणते की ते चौसष्ट आहेत. “समेट कुणाशी करू मग?” ती विचारते, आणि तिचा आवाज वर्गातल्यासारखा राहत नाही. “तुम्ही तर निघून गेलात. माझ्या रिकाम्या डब्यानंतर तीन आठवड्यांत गेलात. मी मागे उभी राहून मूठभर माती टाकली आणि घरी आले. कुणाकडे जाऊ मी?”

“माझ्याकडे नको येऊस. माझ्याकडचं संपलं. तू पाठवलेला डबा मी उघडून बघितला, रडले, आणि खरं सांगू, तुझ्यावर रागावलेही. मग ते सगळंच मी प्रभूपाशी टाकलं. दवाखान्यात दुसरं करायला काय असतं? आता तू टाक.”

“कोणत्या शब्दांत टाकू?”

“तुला शब्द माहीत आहेत.”

युनीसला कळतं, आणि तिचा चेहरा गरम होतो. “तुमचेच शब्द? मी म्हणू? म्हणजे तुम्ही बरोबर होतात असं होईल.”

“मी ते तुला मारायला वापरलं होतं. त्यात मी चुकलेच. पण ते वाक्य आहे ना, ते मारायच्या कामाचं नव्हतं, युनीस. आपलं आपण म्हणायचं होतं ते. मलाही फार उशिरा कळलं.” त्या डबा उघडून पुढे करतात. आत काही नाही, नुसती चकचकीत गोल पोकळी. “त्याला काहीही चालतं. तुझा राग चालतो. तुझं बरोबर असणं चालतं. फक्त रिकामा देऊ नकोस.”

युनीस तोंड उघडते. आवाज येत नाही. ती पुन्हा उघडते. नळाच्या तोंडाशी लोंबलेला थेंब सुटतो.

टप.

ती खाटेवर आहे. उशी मानेखाली ओली झालेली आहे. साखळी लावलेली आहे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं आहेत आणि घरात कुणीही नाही, जसं नऊ वर्षं नसतं.

ती उठते, टेबलाशी जाते आणि थांबते.

मनुकांच्या पातेल्याच्या बाजूला, लाकडावर, पाण्याचं एक वर्तुळ आहे.

युनीस आधी जे करायचं ते करते. खणातून स्टीलची पट्टी काढून व्यास मोजते. साडेचौदा सेंटिमीटर. मग पातेलं उचलून बघते, ते मोठं आहे आणि बुडाशी कोरडं आहे. मोजपात्र, तांब्या, चहाचं भांडं, पिठाचा डबा, डाळीचे दोन्ही डबे, ती एकेक करून वर्तुळावर धरते. एकही बसत नाही. झोपण्याआधी टेबल पुसलेलं होतं, फडकं दोरीवर वाळतं आहे.

एप्रिलची हवा. वर्तुळ एका बाजूनं सुकायला लागलं आहे. ती घाईनं पेन्सिल शोधून आणते, त्याच्या कडेनं आखून ठेवावं म्हणून. टोक लाकडाला टेकवते. आणि तशीच उभी राहते.

आखून ठेवायचं, तारीख घालायची, आणि मग? तेही जपायचं?

ती पेन्सिल खाली ठेवते. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवते, कारण गुडघे दुखतात आणि जमिनीवरून उठता येणार नाही. डोळे मिटत नाही. वर्तुळाकडे बघत, रिकाम्या स्वयंपाकघरात, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते, “प्रभू, माझा गर्व मोड.”

ती वाट बघते. काही मोडल्याचा आवाज येत नाही. नळ गळतो, चार सेकंदांनी.

“आणि हे नऊ वर्षांचं आहे ते घे,” ती म्हणते. आता आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नसता. “मला ह्याचं दुसरं काही करता येत नाही. त्यांना मी डबा रिकामा पाठवला. मला माहीत होतं मी काय करते आहे. नीट घासून पाठवला.”

आमेन म्हणायला कुणी नाही. ती स्वतःच म्हणते.

वर्तुळाची आता फक्त एक कोर उरली आहे, नखाएवढी. युनीस गॅस पेटवायला वळते, काडी ओढते, आणि गॅस न पेटवताच ती विझवते. फडताळातून मनुकांची पिशवी काढून चार मनुका पातेल्यात टाकते. मग मोजपात्र नळाखाली धरते, डोळ्यांच्या पातळीवर आणून बघते, थोडं सांडते, पुन्हा बघते, आणि रेषेवर बरोबर आल्यावर ते पाणी मनुकांवर ओतते.

पंधरा मिलिलिटर.