समोर बसलेली मुलगी

मला मुलांचा लळा वगैरे काही नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या आठवणी लिहिणाऱ्या बायका पहिल्या ओळीपासून गहिवरायला लागतात आणि मला त्याचा भारी राग येतो. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं. नोकरी लागत नव्हती, लग्न जमत नव्हतं आणि घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर आईच्या डोळ्यांसमोर बसणं अशक्य झालं होतं. "नुसती लोळतेस काय गं? त्या महिला मंडळाला कोणीतरी शिकवायला हवंय, जा तिकडे," असं आईच म्हणाली. म्हणून गेले.

मंडळाने डोंगराच्या पायथ्याशी वाचनाचा वर्ग काढला होता. शाळेत न गेलेल्या मुलांना दुपारी तीन ते पाच वाचायला शिकवायचं आणि जून आला की जवळच्या शाळेत घालायचं. पगार शून्य. मुलं म्हणाल तर सगळ्या मुलखाची. गिरणी बंद पडल्यामुळे बाप घरी बसलेली कोकणातली चौघं, दूधवाल्याच्या घरची दोन, इडली विकणाऱ्या तमिळ बाईचा एक, आणि बाकीची वरच्या वस्तीतली, दगडकाम करणाऱ्या वडारांची. घरी कोणी मालवणी बोलायचं, कोणी भोजपुरी, कोणी तेलुगू. भांडायला मात्र सगळ्यांना एकच हिंदी.

खोली सार्वजनिक गणपतीच्या सामानाची होती. मखराच्या फळ्यांनी अर्धी भरलेली. फळा नाही, बाकं नाहीत, वाचायचं पुस्तक एकच. मी भिंतीला टेकून बसायचे, पुस्तक समोर फरशीवर उघडायचे आणि पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करायची. अक्षर काढून दाखवायचं तर खडूने फरशीवरच. चलाख पोरं माझ्या खांद्यामागे घुसायची, मानेवर श्वास सोडायची. मी कोपराने ढकलायचे, ती पुन्हा यायची.

आणि बरोबर माझ्यासमोर, दाराच्या उंबऱ्याला लागून, ती बसायची. आठ-नऊ वर्षांची असेल. मांडीवर कायम दहा-अकरा महिन्यांचा भाऊ. तो रडला की चटकन बाहेर नेता यावा म्हणून ती दारातली जागा सोडत नसे. पाटी दिली तर म्हणायची, "नको बाई, हा पेन्सिल खातो." खरंच खायचा. मग मी पाटीचा नाद सोडला. म्हटलं, वाचायला तर शिकू दे.

आणि काय वाचायची! सहा महिन्यांत बाकीची काना-मात्रेत अडखळत असताना ही समोरून धडा धडाधड म्हणायची. पाठ केलंय की काय म्हणून मी मधलंच पान उघडायचे, फरशीवर नवं वाक्य लिहायचे. तेही वाचायची. घरी तेलुगू बोलणारी पोर, पण जोडाक्षर कधी चुकलं नाही. मंडळाच्या बायका बघायला आल्या की मी आधी तिलाच वाचायला लावायचे. त्या "अगंबाई!" करायच्या आणि मी मोठेपणा घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

तिची आई बांधकामावर बिगारी होती. एप्रिलमध्ये ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली, हातापायाला सिमेंट तसंच. म्हणाली, "बाई, हिची आजी गावाला न्यायचं म्हणते. तिथं बाळाला बी सांभाळंल, शेळ्या बी राखंल. हिचा बाप म्हणतो, शाळेनं घेतली तर ऱ्हाऊ दे, न्हाई घेतली तर जाऊ दे. घेतील का हो?" मी म्हटलं, "न घ्यायला काय झालं? माझ्या वर्गात हिच्यासारखं कोणी वाचत नाही." तिने दोन्ही हात जोडले. पोरगी बाळाला खांद्यावर घेऊन आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

शाळेच्या मोठ्या बाई माझ्या ओळखीच्या होत्या. म्हणजे रजेवर जाणाऱ्या एका शिक्षिकेच्या जागेसाठी मी तिथे अर्ज टाकला होता, तेवढी ओळख. त्या म्हणाल्या, "एवढी मोठी मुलगी मी पहिलीत बसवणार नाही. दोन पानं नीट वाचून दाखवली तर तिसरीत घेते. आणा गुरुवारी." गुरुवारच का, तर जूनसाठी नाव घालायचा शेवटचा दिवस तोच होता.

गुरुवारी आईने तिला तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या, फ्रॉक शेजारणीकडून मागून आणला होता. बाळ पहिल्यांदाच बरोबर नव्हतं. वाटेत ती मोकळ्या हातांचं काय करावं ते न सुचून फ्रॉकचा घेर धरून चालत होती. मी म्हटलं, "घाबरायचं नाही हं, नेहमीसारखं झकास वाचायचं." ती हसली.

मोठ्या बाईंनी तिला टेबलाच्या कडेला, आपल्या शेजारी उभं केलं आणि तिसरीचं पुस्तक हातात दिलं. तिने ते घेतलं आणि उलटं केलं. चित्रातल्या माणसाचे पाय वर. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, सरळ धर," आणि पुस्तक फिरवून दिलं. तिने पुन्हा उलटं केलं. "बाई, पुस्तक कसं धरायचं तेही शिकवलं नाहीत का?" हे मला. माझे कान तापले. मी पुढे झाले, तिच्या हातातून पुस्तक खसकन ओढलं, सुलटं करून तिच्या नाकासमोर धरलं आणि दात आवळून म्हटलं, "वाच."

ती पुस्तकाकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. टेबलावर पाणी पडावं तसे तिचे अश्रू पानावर पडले, तेव्हा मोठ्या बाईंनी पुस्तक काढून घेतलं. "ओलं करू नकोस, सरकारी आहे." आणि मला, हळू आवाजात, मुलीला ऐकू येईल एवढ्याच हळू: "डोक्याने जरा कमी आहे हो. होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बाहेर पडवीत आल्यावर मी तिच्यावर अशी काही तुटून पडले! "नाक कापलंस माझं. वर्गात पोपटासारखी बोलतेस आणि इथे दातखिळी बसली? कोणासाठी मरमर करते मी?" माझ्या पिशवीत आमचं वर्गातलं पुस्तक होतं. ते काढून तिच्या अंगावर टाकलं. "घे. वाच आता. वाच ना!"

ती पायरीवर बसली. पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं आणि वाचायला लागली. मी न शिकवलेला शेवटचा धडा. एक शब्द चुकला नाही, स्वल्पविरामालासुद्धा थांबली. वाचून झाल्यावर नाक पुसून म्हणाली, "असंच असतं ना बाई? तुम्ही असंच ठेवता."

मीच ठेवत होते. सहा महिने, रोज दोन तास, पुस्तक माझ्याकडे तोंड करून. बाकीची माझ्या मागे येऊन सरळ बघत होती. ही बाळामुळे दार सोडू शकत नव्हती, म्हणून तिने तिथून दिसतं तसंच सगळं शिकून घेतलं. प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं. आणि कोणाच्याही मदतीशिवाय. समोर बसणाऱ्याला पुस्तक उलटं दिसतं एवढी साधी गोष्ट माझ्या बी.ए. झालेल्या टाळक्यात एकदाही शिरली नाही. फाल्गुनात कधीतरी रेशनच्या दुकानासमोर ती ओणवी होऊन दोन पायांच्या मधून पाटी बघत होती, तेव्हा मी हटकलं होतं, "मुलीच्या जातीने असं वाकतात का गं रस्त्यात?" ती पाटी वाचत होती.

आता सांगायला अवघड आहे ते सांगते. मी आत परत जाऊ शकले असते. दार उघडंच होतं. शिपाई म्हणाला, "बाई डबा खातायत, अर्ध्या तासाने या." अर्धा तास काय मोठा होता? मी पडवीत उभी राहिले. मनात शब्द जुळवून बघितले: बाई, मुलगी हुशार आहे, मीच तिला उलटं शिकवलं. हे जिला सांगायचं तिच्याच टेबलावर माझा अर्ज होता. जिला पुस्तक कसं ठेवायचं कळत नाही तिला कोण वर्ग देणार? मग मी स्वतःची समजूत घातली की पंधरा दिवसांत हिला सुलटं शिकवते, पुढच्या वर्षी घालते, वर्ष काय भुर्रकन जातं. तिला म्हटलं, "चल." शाळेतली ती जागा मला जुलैत मिळाली.

रविवारी सकाळी तिची आई आमच्या बिल्डिंगमध्ये आली. माझ्या आईने दार उघडलं आणि मला हाक मारली. मी बाहेर आले तर बाई जिन्यातच उभी, आत ये म्हटलं तरी येईना. मागे ती, कडेवर बाळ, आणि एक म्हातारी बोचकं घेऊन. दुपारच्या एसटीने निघणार होत्या. शेजारणीचा फ्रॉक परत गेला होता.

मी घसा साफ केला. सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण बाईनेच आधी बोलायला सुरुवात केली. पदराच्या गाठीतून तिने कागदात गुंडाळलेले चार पेढे काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

"राग धरू नका बाई," ती म्हणाली. "तुमी लई कष्ट घेतले. तुमचा येळ फुकट गेला. शाळेच्या बाई बोलल्या ते बरोबरच हाय, पोरगीच मंद हाय आमची."

पोरगी ऐकत होती. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

मी म्हटलं, "असू दे."