आक्काचा पोपट उडाला

कोल्हापूरहून परतताना आमची बस कोगनोळी नाक्यावर थांबली होती, तेव्हा भाचीचा फोन आला. "मामा, सावकाश या... आई गेली." निपाणी तिथून जवळच. पण तेवढ्या वाटेत मला खाटेवरची, आजारी आक्का आठवेना. आठवली ती गुडघ्यांवर बसून पोपटाला उडायला लावणारी आक्का.

माझी ही थोरली बहीण निपाणीच्या शाळेत गणित शिकवायची. ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी भाऊजी गेले. मग तिचं बोलणंच आटलं. "टिळकवाडीला माझ्याकडं चल," म्हटलं की "बघू" एवढंच. त्या दिवसांत शेजारचं बिऱ्हाड बदलीवर हुबळीला निघालं आणि जाताना पिंजरा तिच्या ओसरीवर ठेवून गेलं. आत पोपट, दोन्ही पंखांची लांब पिसं कात्रीनं सरळ कापलेली. त्यांच्या घरात कानडी, म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "ऊट आयता?" जेवण झालं का! कित्येक महिन्यांनी आक्का हसली ती तेव्हा.

आमच्या जैन घरात पिंजरा कधी आला नव्हता. तिनं दार उघडलं. पोपट कठड्यावर चढला, पंख फडफडवले आणि धाडकन फरशीवर आपटला, छातीवरच. आक्कानं त्याला पदरात घेतलं आणि तशीच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "कापलेलं पीस वाढत न्हाय आक्का. ते गळून पडलं की त्या जागी नवं येतंय. वर्षभर धीर धरा. नव्या पिसाच्या देठात रक्त असतंय, तेवढं आपटू देऊ नका." पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. वनखात्याला कळवून, उडेपर्यंत तो तिच्याकडे ठेवायची परवानगीही त्यांनीच मिळवून दिली.

मग आक्कानं माजघरात वाकळा अंथरल्या. रोज सकाळी पोपटाला मनगटावर घ्यायची आणि हात हळूच खाली न्यायची, म्हणजे तो पंख मारायचा. पहिले काही महिने नुसती धडपड. रविवारी फोन करून ती मला सांगू लागली, "अरे, डाव्या पंखाचं दुसरं पीस आलं!" एका बाजूची पिसं आधी आली, तेव्हा तो गिरकी घेऊन पडद्यावर जाऊन आदळायचा. आणि एका दुपारी अवेळी फोन आला. मी घाबरूनच उचलला. "उडालं रं! कपाटावरनं खिडकीपातुर... लई नीट उडालं." पलीकडे ती रडत होती.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आक्का, टोकं जरा कापा की, म्हंजे जाणार न्हाय." आक्का म्हणाली, "जावं म्हणूनच तर शिकवलं त्याला." दुसऱ्या दिवशी तिनं खिडकी उघडली. तीन दिवस तो परसातल्या पेरूवर बसून राहिला, हाक मारली की दाण्याला यायचा. चौथ्या दिवशी थव्यामागं गेला, तो आलाच नाही. "वाईट वाटतंय का गं?" मी विचारलं. "वाटतंय की. पण किती वर गेला, तू बघायला पायजे होतास!"

नंतर लोक पंख कापलेले पोपट तिच्याकडे आणू लागले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिनं चार उडवले. एकाची पिसं मात्र नीट आलीच नाहीत. तो वनखात्याच्या केंद्रात आहे, त्याला भेटायला ती जायची.

गेल्या आठवड्यात भाची पद्मा आणि मी तिचं घर आवरत होतो. चिकोडीकडची एक बाई भोकं पाडलेलं खोकं घेऊन दारात आली. "आक्का हाईत का?"

पद्मानं हात पुसले आणि खोकं घेतलं. अलगद पंख उलगडून ती उजेडात बघत राहिली. आईबरोबर हे काम तिनं कधी केलं असेल, मला कल्पनाच नव्हती.

"पिसांची मुळं शाबूत हाईत," ती त्या बाईला म्हणाली. "वर्ष लागंल. पण उडंल हा."