व्हॅनकाकांचं विज्ञान

मुख्याध्यापक बाईंनी नवा नियम वाचून दाखवला, तेव्हा व्हॅनकाका खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. नियम असा, की पुढच्या वर्षापासून शाळेची गाडी चालवणारा माणूस निदान दहावी पास पाहिजे. काकांना गाडी चालवायला लागून बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला खरचटू दिलं नव्हतं, एकाही मुलाचा डबा हरवू दिला नव्हता, आणि आपण दहावीत नापास झालो होतो याचा पत्ता एकाही माणसाला लागू दिला नव्हता.

"बाकी सगळे विषय सुटलेत, बाई. विज्ञान तेवढं राहिलंय."

"कधीपासून?"

"सव्वीस वर्षं झाली."

बाई भल्या होत्या, हसल्या नाहीत. "मार्चमध्ये परीक्षा आहे, बसा. सुटलं तर गाडी तुमचीच. नाही सुटलं तर मात्र माझा नाइलाज आहे, काका."

घरी बायकोला सांगावंच लागलं. ती भाजी निवडता निवडता थांबली. "अहो, लग्न ठरवताना तर तुमच्याकडच्यांनी दहावी झालेला मुलगा म्हणून सांगितलं होतं!"

"झालोच होतो. एक विषय सोडून."

"मग मीही एक माणूस सोडून बाकी घर सांभाळते," ती म्हणाली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच बाजारातून विज्ञानाचं पुस्तक आणलं, वर कव्हरही घातलं. काका संध्याकाळी हातपाय धुऊन पुस्तक उघडायचे. पहिली ओळ वाचायचे. दुसऱ्या ओळीला डोळा लागायचा. बायको जवळ बसून धडा मोठ्याने वाचू लागली, तर आठवड्यात ती अर्धं पुस्तक शिकली आणि काकांची झोप तेवढी पूर्ण झाली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

व्हॅनमध्ये सात मुलं होती. सगळ्यात मोठी दहावीतली, तिला सगळी व्हॅन ताई म्हणायची. सगळ्यात धाकटी पहिलीतली, ती शेंडेफळ. ताईला घोकताना ओरडायची सवय होती. वर्षभर ती रोज त्याच रस्त्याने तेच धडे ओरडत जात होती आणि काका निमूटपणे गाडी चालवत होते. एके दिवशी ताई सर्दीने गप्प होती. शिंप्याच्या दुकानापाशी काकांनी वळण घेतलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "वाहकातून वाहणारी विद्युतधारा ही त्याच्या दोन टोकांमधल्या विभवांतराच्या समप्रमाणात असते."

सगळी मुलं पुढे वाकली.

"काका, हा ओहमचा नियम आहे!" ताईचा बसलेला आवाज एकदम उघडला.

"असेल बुवा. मी आपला वळण घेत होतो."

मग काकांना राहवेना, त्यांनी मुलांना सगळं खरं सांगून टाकलं. पास झालो नाही तर पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरे काका येतील, हेही सांगितलं. सांगताना आपला आवाज कापतोय हे त्यांना कळलं, म्हणून त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला.

मुलांनी कारभार हातात घेतला. रस्ताभर धडे वाटले गेले. पिठाच्या गिरणीपाशी आम्ल आणि आम्लारी. दवाखान्याच्या लांब भिंतीपाशी श्वसन. गतिरोधकावर गुरुत्वाकर्षण, कारण तिथे सगळेच आपटायचे. चौकातल्या सिग्नलला प्रकाशाचं अपवर्तन. आणि रेल्वेचं फाटक रोज दहा दहा मिनिटं बंद असायचं, म्हणून तिथे सगळ्यात लांबलचक आवर्त सारणी. एखाद्या दिवशी फाटक उघडं मिळालं की व्हॅनमध्ये हळहळ व्हायची. आनुवंशिकता तळ्याकाठच्या रस्त्यावर ठेवली होती, पण जानेवारीत तो रस्ता पाइपसाठी खणला आणि तो धडा राहूनच गेला. शेंडेफळाला विज्ञान येत नव्हतं, तेव्हा तिच्याकडे शाब्बास म्हणायचं काम आलं. उत्तर चुकलं तरी ती ते मन लावून करायची.

फेब्रुवारीत काका रस्ताभर घडाघडा बोलू लागले. ताईने रविवारी स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, त्यांची सराव परीक्षा घेतली. काका खुर्चीत बसले, पेपर हातात घेतला, आणि पाटी कोरी. एक अक्षर आठवेना. घाम पुसून पुसून रुमाल ओला झाला. ताईला काय सुचलं कोण जाणे, ती त्यांना खाली उभ्या व्हॅनमध्ये घेऊन गेली. काका स्टिअरिंगमागे बसले, इंजिन बंदच होतं, तरी पायांनी क्लच दाबला, हाताने गिअर टाकला आणि सगळे धडे रांगेत हजर झाले.

"काका, आता परीक्षेला बाकच चालवा," ताई म्हणाली. तिलाही त्याच परीक्षेला बसायचं होतं, त्यामुळे यापेक्षा जास्त वेळ तिच्याकडे नव्हता.

परीक्षेच्या दिवशी काकांनी बाक चालवला. अडचण एवढीच, की त्यांना रस्त्यात मधूनच चढता येईना. प्रत्येक प्रश्नाला घरून निघायचं, सगळी मुलं घ्यायची आणि उत्तराच्या जागी पोचून लिहायला लागायचं. पहिल्या दोन प्रश्नांतच अर्धा तास गेला. तिसऱ्याला त्यांनी वेळ वाचवायला शेंडेफळाचं घर गाळलं. पण गिरणीपाशी आले तरी जीव स्वस्थ बसेना, पोरगी दारात दप्तर घेऊन उभी असेल असं वाटू लागलं. शेवटी त्यांनी बाक मागे वळवला आणि तिला घेतलं, तेव्हा कुठे आम्ल आठवलं.

पर्यवेक्षक बाई बराच वेळ लांबून पाहत होत्या. एक पोक्त गृहस्थ भर वर्गात हवेत चाक फिरवतोय आणि मान वळवून मागे बघतोय, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्या जवळ आल्या.

"काय चाललंय हे?"

"मुलं घेतोय, बाई."

बाईंनी बाकाखाली पाहिलं, खिसे तपासले. ओल्या रुमालाखेरीज काही सापडलं नाही. काकांनी चार वाक्यांत सगळी हकिगत सांगितली. बाईंनी नियम आठवून पाहिले. कॉपी करू नये असं होतं, बोलू नये असं होतं, गाडी चालवू नये असं कुठेच नव्हतं.

"चालवा. पण हॉर्न वाजवू नका," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने पाहतात तो काका हाताची घडी घालून स्वस्थ बसलेले. बाईंना राहवलं नाही. "आता का थांबलात?"

"फाटक बंद आहे."

बाईंनी घड्याळात पाहिलं. "काका, वीस मिनिटं राहिलीत हो. उघडा ते फाटक!"

काकांनी उघडलं. आनुवंशिकतेचा प्रश्न तसाच कोरा सोडला, रस्ता खणलेला होता त्याला ते तरी काय करणार.

सुट्टी संपता संपता निकाल लागला. बावन्न! पास व्हायला पस्तीस पुरले असते. मुख्याध्यापक बाईंनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि गाडी चालवायचं काम काकांकडेच ठेवलं. बायकोने ती गुणपत्रिका शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवली आणि मिळालेल्या बावन्नातले निम्मे स्वतःकडे घेतले, ते बरोबरच होतं.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी ताई घराच्या दारात उभी होती, पण दप्तर नव्हतं. ती आता कॉलेजला जाणार होती. तिने सगळ्यांना हात केला आणि व्हॅन पुढे निघाली.

"काका, ताई का नाही आली?" शेंडेफळाने मागून विचारलं.

"दहावी पास झाली ना ती. आता ती मोठ्या कॉलेजात."

गिरणी गेली, शिंप्याचं दुकान गेलं.

"तुम्हीपण झालात."

"झालो की! बावन्न मार्क!" काका फुशारकीने म्हणाले आणि आरशात पाहिलं. पोरीचा खालचा ओठ पुढे आला होता.

"मग कशाला पास झालात?" ती म्हणाली आणि तिने जे भोकाड पसरलं, ते ऐकून बाकीची मुलंही मुसमुसायला लागली.

काकांनी गाडी बाजूला घेतली. ते आजवर पुष्कळदा नापास झाले होते, तेव्हा घरचे चिडले होते, मास्तर हसले होते. ते जातील म्हणून कुणी रडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते सीटवरून मागे वळले.

"अगं वेडे, मी कुठे जाणार? इथेच राहता यावं म्हणून तर पास झालो."

"खरं?"

"अगदी खरं."

तिने डोळे पुसले, पण शाळा येईपर्यंत त्यांच्या शर्टाची कॉलर मागून घट्ट धरून ठेवली, आणि काकांनीही ती सोडवून घेतली नाही.