नवव्या भागातून काढून टाकलेली पाळी

घटना आणि त्यांना जबाबदार असणाऱ्या व्यक्ती आधी नोंदवतो, म्हणजे पुढे वाद नको.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पत्नीच्या उजव्या अंगावरून वारे गेले. तिने चार दिवस रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती आणि मी विचारले नव्हते. जबाबदारी निम्मी तिची, निम्मी माझी.

धनत्रयोदशीला मुलीने घरात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे यंत्र आणले. जबाबदार ती. तिचा मी ऋणी आहे.

भोगीच्या दिवशी दुपारी, त्या खेळातले एक दार ज्याला अधिकार नव्हता त्याने उघडले. जबाबदार मी.

अक्षय्य तृतीयेला त्याच खेळाच्या मालिकेचा नववा आणि शेवटचा भाग आमच्याकडे आला. त्यात पाळी नाही. जबाबदार ती मालिका तयार करणारी जपानी कंपनी, तिचे रचनाकार, आणि हल्ली लोकांना थांबायला आवडत नाही असे त्यांना ज्यांनी कोणी सांगितले असेल ते सर्व.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि देवळाली प्रवरा येथे राहतो. माझ्या नोकरीचा गाभा एका शब्दात सांगता येतो : शेजपाळी. चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावरच्या, शेतकऱ्यांना एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने पाणी द्यायचे. क्रम चारीच्या शेवटाकडून सुरू करायचा, कारण वरच्याला पाणी कसेही मिळते, शेवटच्यासाठी ते राखावे लागते. त्या शेवटाला आमच्याकडे टेल म्हणतात आणि तिथल्या शेतकऱ्याला टेलवाला. दुसऱ्याच्या पाळीत दार उघडणे हा अपराध. अशा दारापाशी उभे राहून मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, "दार कोणी उघडले?" आणि आयुष्यभर एकच उत्तर ऐकले, "सायेब, आपुआप उघडलं."

माझी पत्नी तिसगावची. तिच्या माहेरी कालवा नाही, नदी वर्षातले बहुतेक महिने वाळूची. लग्नात तिच्या मामांनी मला विचारले होते की जावईबापूंच्या हाताखाली पाणी आहे म्हणतात, ते खरे का. ती आजही मला अधूनमधून त्याची आठवण देते.

आजारानंतर तिचा उजवा हात परत आला, पण सावकाश. मनाने ठरवल्यावर बोट हलायला मधे एखादा श्वास जातो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तिने तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कुत्र्याला द्या. त्याचा तरी पंजा बरा व्हईल."

आमची मुलगी शिर्डीत एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करते. गुरुवारी तिकडे गर्दी, म्हणून तिची सुट्टी मंगळवारी. ही जपानी मालिका ती महाविद्यालयापासून खेळत आलेली. तिचे म्हणणे, आईला बोटे हलवायला कारण हवे, चेंडू हे कारण नव्हे. तिने मालिकेचे आठही भाग आणून दिले आणि पहिला लावला.

कथा साधी आहे. एक नदी आटते. चार सोबती तिचा उगम शोधायला कोरड्या पात्रातून वर चालत निघतात. प्रत्येक भागात पात्राचा एक टप्पा. उगम नवव्या भागात येणार होता आणि तो तेव्हा बाजारात यायचा होता. एवढे कळल्यावर पत्नीने चष्मा मागून घेतला. "उगमाला पानी हाय का न्हाई, येवढं बघायचंय मला," ती म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही. म्हणून पडद्यावरचे मी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि निर्णय तिने घ्यायचा, अशी वाटणी ठरली.

पहिल्याच लढाईत अक्षरे आली. मी मोठ्याने भाषांतर केले, "तुझी पाळी आली."

मुलगी हसू दाबत म्हणाली, "आप्पा, हळू. खिडकी उघडी आहे."

"बोलू दे की," पत्नी म्हणाली. "लई वर्सांनी आली म्हनावं."

मी शेजपाळीच्या अर्थाने बोललो होतो असा खुलासा केला. तो कोणी मागितला नव्हता. शब्द मात्र तोच राहिला.

पहिला भाग निर्दय आहे. काही सांगत नाही. वाटेतला एखादा मासेमार एकदाच बोलतो की जळालेल्या झाडापासून डावीकडे जा, आणि तुम्ही विसरलात तर तुमचे तुम्ही जाणा. हरलात की मागच्या झोपडीपासून पुन्हा चालत यायचे. तरीही त्या भागावर माझी तक्रार एकच आहे. खारपड जमिनीत तेच ते खेकडे मारत बसल्याशिवाय अंगात बळ येत नाही. याला मी कठीणपणा म्हणत नाही, वेठ म्हणतो. एरवी त्यात तुमच्या अज्ञानाखेरीज काही आडवे येत नाही, आणि तुमची पाळी आली की खेळ थांबतो. तुम्ही चहा करून आलात तरी तो थांबलेला असतो. पत्नीचा हात बटणापर्यंत पोहोचेतो शत्रू तलवार उगारून उभा राहायचा. "गुनी हाय बिचारा," ती म्हणायची, आणि त्याला मारायची.

तिसरा भाग हा त्या मालिकेतला सर्वोत्तम, हे माझे विचारपूर्वक मत आहे. त्यात पडद्याच्या वरच्या कडेला सर्वांचे चेहरे क्रमाने रांगेत दिसतात, आपले आणि शत्रूचेही. जड घाव घातला तर तुमचा चेहरा रांगेत मागे जातो. हलकी कृती केली तर लवकर परत येतो. स्वतःची पाळी सोबत्याला देताही येते. पाळीपत्रक भिंतीवर टांगून कारभार करावा असा मी खात्याला अनेकदा अर्ज केला होता. तो अर्ज कोणा जपानी माणसाने मंजूर केलेला पाहून मला काय वाटले, हे येथे अप्रस्तुत आहे.

चार सोबत्यांतला एक लंगडा मेंढपाळ रांगेत नेहमी शेवटी. त्याचे नाव पत्नीने टेलवाला ठेवले. तो सावकाश, पण त्याची पाळी आली की पडलेले सगळे उठतात.

या भागाच्या अखेरीस कोरड्या पात्रात एक बंधारा आहे. त्याच्या दारासमोर मिठाचा पहारेकरी बसतो. घाई केलीत तर तो तुमच्या पाळ्या खातो. पत्नी त्याच्यापुढे दहा-बारा दिवस हरत होती. रोज सकाळी अंघोळ झाली की बसायची, हरायची, सोबत्यांच्या पिशवीतल्या औषधी मुळ्या न वापरता राखून ठेवायची. पुढच्या भागात लागतील, म्हणायची. मी सांगितले, वापर. ती म्हणाली, "दुस्काळात बी बियानं खात न्हाईत."

भोगीला मुलगी तिला तपासणीसाठी राहुरीला घेऊन गेली. मी घरी थांबलो, कारण गॅसची टाकी यायची होती. टाकी आली. यंत्र चालू होते. मी बसलो. सगळ्या मुळ्या वापरल्या, चौघांनाही घाव घालायला लावले आणि पहारेकऱ्याला पाडले. दार वर गेले. मी ते पुसण्याच्या आत खेळाने नोंद करून टाकली; आता मागे जाता येणार नव्हते. पहिल्या भागात नोंद झोपडीत गेल्यावर आपण करायची असते. तिसऱ्यात ती खेळ स्वतः करतो. हा रचनेतला दोष मी तेव्हाच टिपून ठेवला, पण बचाव म्हणून तो टिकत नाही.

दोघी परत आल्या. चटणी-भाकरी झाली, पत्नीने यंत्र लावले आणि पिशवी उघडली. पिशवी रिकामी होती.

"दार कुनी उघडलं?" तिने विचारले.

माझ्या तोंडून जे निघाले ते मी शब्दशः देतो. "आपोआप उघडले असेल."

मुलीने मान खाली घातली. "आपुआप व्हय, सायेब?" पत्नी एवढेच म्हणाली आणि बटणांचा कंट्रोलर डाव्या हाताने टीव्हीच्या मागे ठेवला.

तो तिथे पंधरा दिवस राहिला. त्या काळात तिच्या हाताची जी प्रगती थांबली, तिची नोंद माझ्या नावावर आहे. व्यायामाच्या बाईंनी घरात काही बिनसले का असे विचारले, तेव्हा पत्नी म्हणाली, "चारी बंद हाय सध्या." बाईंना ते कळले नाही.

मी लेखी माफी दिली. तिने ती मुलीकडून वाचून घेतली आणि एका अटीवर स्वीकारली : तिसरा भाग पहिल्यापासून, आणि मी बटणांना हात लावायचा नाही. होळीच्या आदल्या दिवशी तिने पहारेकऱ्याला पाडले. एकही मुळी न वापरता. तिने चौघांपैकी तिघांची पाळी टेलवाल्याला देऊन टाकली होती, आणि तो उभा राहून सर्वांना उठवत होता, पहारेकरी थकेपर्यंत. मला हा मार्ग सुचला नसता. मी टेलला पाणी नियमाने देत असे. आधी टेलच भिजवला तर वरचे आपसूक वाचतात, हे तिने करून दाखवले.

पुढचे भाग भरभर झाले. सहावा फार सोपा. पावलापावलाला वाट दाखवणारा बाण, पावलापावलाला औषध. "ह्यो तर बोट धरून नेतोय. मला पाय हायेत," हा तिचा अभिप्राय मला मान्य आहे. आठवा पुन्हा कठीण, आणि न्याय्य. इतके भाग पाहिल्यावर माझा निष्कर्ष असा की कठीणपणा आणि अडवणूक यांत फरक करावा. ज्याने माणूस विचाराला लागतो तो कठीणपणा. ज्याने माणूस दाराबाहेर राहतो ती अडवणूक. पहिल्या आठ भागांत कठीणपणा कमीजास्त झाला, पण अडवणूक नव्हती.

नवव्या भागात रांग नाही. पडद्याच्या वरची कडा कोरी. शत्रू समोर येतो आणि मारतो. चुकवायचे तर त्याच क्षणी बटण दाबायचे. पत्नीने चुकवायचे ठरवले आणि तिचा हात तो एक श्वास घेईपर्यंत चौघेही पडले. असे सात वेळा झाले. टेलवाला आता धावतो, पण त्याची बारी येते कधी हे कळायला मार्ग नाही.

सातव्या वेळेनंतर खेळाने एक सूचना दाखवली. मी वाचली : आपणांस सोयीचा प्रकार हवा आहे काय? तिने मानेने होकार दिला. त्यानंतर सोबती आपण होऊन चुकवू लागले, आपण होऊन मारू लागले. तिने परीक्षा म्हणून कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हात पदराखाली घेतला. लढाई जिंकली. पडद्यावर तिचे अभिनंदन आले. मी ते वाचले नाही, पण तिला कळले.

"मी हात काढला तरी जिकलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, राग नसलेल्या आवाजात : "तुमच्यावानीच करतोय की ह्यो. माझ्या पाळीत सोताच दार उघडतोय, आन वर म्हन्तोय, तुमीच उघडलं."

मुलीने मधला मार्ग शोधला. खेळातल्या सेटिंगच्या सगळ्या याद्या पाहिल्या. अक्षरे मोठी करता येतात, रंग बदलता येतात, रक्त झाकता येते. थांबता येत नाही.

मी कंपनीला ईमेलने तीन पत्रे पाठवली. तिन्हींना अर्ध्या मिनिटात एकच उत्तर आले की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

"आप्पा, ते मशीनचं उत्तर आहे," मुलगी म्हणाली.

"तुमी बी आसंच धाडायचा की," पत्नी म्हणाली. "अर्ज मिळाला, योग्य ती कार्यवाही करन्यात येईल. माझ्या मामाला तसलंच कागूद आलं हुतं तुमच्या हापिसातून."

तिसगावला कालवा येणार का, असा तो अर्ज होता. उत्तरावर सही माझ्या वरिष्ठांची, मसुदा माझा. हे तिला इतकी वर्षे माहीत होते, हे मला त्या दिवशी समजले.

नववा भाग तिसऱ्या झोपडीपाशी थांबलेला आहे. उगम तिथून फार लांब नाही असे मुलगी सांगते. पुढे काय होते ते तिला माहीत आहे, पण आईने सांगू दिलेले नाही. मी एकदा सुचवले की तू निर्णय घे, बटण मुलगी दाबेल. पत्नी म्हणाली, "दुसऱ्याच्या हातानं उगम बघू व्हय? ऱ्हाऊ द्या." सध्या ती तिसरा भाग तिसऱ्यांदा खेळते आहे. हात आता दुसऱ्या बोटापर्यंत सुधारला आहे.

माझ्या बाजूने मी उत्तर दिले आहे. भोगीच्या दुपारी दार मी उघडले, खोटे बोललो, आणि तिच्या मामांना पाठवलेल्या त्या कागदाचा मसुदाही माझाच. हे सर्व वर लेखी आहे आणि कोणीही वाचू शकतो. आता दुसऱ्या पक्षाची बारी. नवव्या भागाच्या रचनाकारांनी, यंत्राने नव्हे, स्वतः, जिथे हा लेख छापला जाईल तिथेच, जाहीरपणे सांगावे की आठ भाग चालत आलेली पाळी कोणी काढली, आणि ज्याच्या हाताला एक श्वास जास्त लागतो त्याने रांगेत कुठे उभे राहायचे. ती आपोआप गेली, हे उत्तर स्वीकारले जाणार नाही. ते मी फार वेळा ऐकले आहे, आणि एकदा दिलेही आहे.