पडद्यावर नसलेला बिंदू

मिलिंद सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी निघोजेला आई-बाबांकडे चालले होते, चाकणच्या चौकात ट्रकांमागे अडकलेली. "छातीत कळ आली... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं," त्यांच्या पत्नी सुनीतावहिनी एवढंच बोलल्या. खरं सांगते, मला रडू नाही, आधी रागच आला. असं कसं गेलात हो सर?

ते विमानाचे कॅप्टन, मी शेजारच्या खुर्चीतली सहवैमानिक. दोघंही कामगारांच्या घरचे, म्हणून आमचं जमलं. ढगांमुळे धावपट्टी दिसत नसली की उतरायची वाट विमानातल्या संगणकात भरतात. सरांचा नियम असा, की भरणाऱ्यानं तोंड मिटून पडद्यावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्यानं नकाशावरून एकेक बिंदू, एकेक उंची मोठ्यानं वाचायची. पिंपरीच्या कंपनीत त्यांचे वडील शिफ्ट बदलताना मशीन असंच ताब्यात द्यायचे. बाकीचे कॅप्टन हसायचे, "काय राव, पाढे म्हणताय का?"

एकदा भर ढगांत, उतरायला थोडंच उरलेलं असताना, विमानतळाच्या कंट्रोलनं धावपट्टीची बाजू बदलली. विमान माझ्या हाती, म्हणून नवी वाट सरांनी भरली. जुन्या आणि नव्या वाटेच्या मध्ये यादीत मोकळी जागा पडते. ती बुजवायच्या घाईत त्यांनी पुढचा बिंदू वर ओढला. मी वाचत गेले, त्यांचं बोट सरकत गेलं... आणि एका नावाशी अडलं. तो बिंदू पडद्यावर नव्हताच! वर ओढताना मधल्यामध्ये गळला होता. खाली डोंगर. तो बिंदू ओलांडेपर्यंत खाली यायचं नाही, म्हणून तर तो असतो. सरांची चूक, आणि ती मी काढायची?

"सर, हा नाहीये."

"पुन्हा वाच."

वाचलं. "नाहीये, सर."

"मग बघतेस काय? चल, वर!"

वर गेलो, सगळं नव्यानं भरलं, उतरलो. सरांनीच सगळ्यांना, घरी वहिनींनासुद्धा, सांगितलं, "आज मी चुकलो. हिनं वाचवलं. शंका आली की वर जायचं, त्यात लाज कसली?"

परवा पुनावळ्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या खोलीत कपाटावर रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, खोकंसुद्धा न फोडलेलं. वहिनींनी आणलेलं. "कळ बरेच दिवस यायची गं. विमानाला हात लावला नाही, रजा टाकली. पण डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, अ‍ॅसिडिटी आहे, दाखवलं तर लायसन्स जाईल." त्यांनी खोक्यावरची धूळ पदरानं पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी विमानात तुझं दोनदा सांगून ऐकलं त्यांनी. मी तर रोज सांगत होते... माझं का नाही गं ऐकलं?"